माळवदावरचा बांध

मार्चमध्ये एका सकाळी जमीन हलली तेव्हा वालूरच्या त्या गल्लीतली बहुतेक सगळी माणसं घराबाहेर आली. कडूबाई आत राहिली. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती बाजेवरच होती. उठून पळणं तिच्या हातात नव्हतं. तिचा नवरा आप्पाराव बाहेर आला, गल्लीच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं आधी वर पाहिलं, घराच्या छताकडे. आपली बाजू बसली की भावाची, हे त्याला बघायचं होतं.

पंकजाला हे घरी पोचल्यावर कळलं. ती या दोघांची मुलगी. परभणीत स्ट्रक्चरल इंजिनिअर होती. म्हणजे इमारतीचा खांब किती जाड हवा, त्यात लोखंड किती आणि कसं हवं, धक्का बसला तर वजन कुठून कुठं जाईल, हे ठरवणं तिचं काम. धक्का तिलाही जाणवला होता. घरी कुणी फोन उचलेना, म्हणून ती मिळेल त्या गाडीनं निघून आली.

"आबा कुठं होते?" तिनं आईला विचारलं.

"भायेर."

"आणि तू?"

"मी हितंच. कुठं जाणार? वरून माती गळायली, म्हणून तोंडावर पदर घेतला."

"आबा आत आले नाहीत?"

"आले की, मागून." कडूबाई म्हणाली. "म्हनले, रामहरीची बाजू बोटभर बसली. लय खूश होते."

पंकजानं आईच्या उशीवरची माती जोरानं झटकली.

घर जुनं माळवदाचं होतं. बाहेरून दगडमातीच्या रुंद भिंती, आत सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर बारीक लाकडं आणि पाला, आणि त्यावर माती. पाऊस आत येऊ नये म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी वर पांढऱ्या मातीचा थर द्यायचा आणि चोपायचा. आधीची सुटी झालेली माती खरवडून काढायची आणि मग नवी टाकायची, अशी जुनी रीत होती. आप्पाराव आणि त्याचा धाकटा भाऊ रामहरी वेगळे झाले तेव्हा मोठ्या खोलीच्या मधोमध विटा आणि चिखलाची एक भिंत घातली गेली. जमिनीची वाटणी झाली, पण छताची काही झाली नाही, कारण तुळया या घरातून त्या घरात गेलेल्या होत्या. त्या कुणाला कापता आल्या नाहीत.

त्या पावसाळ्यात रामहरीच्या बाजूचं पाणी आप्पारावच्या बाजूला आलं. पुढच्या उन्हाळ्यात आप्पारावनं खरवडणं सोडून दिलं आणि वर जास्तीचा थर दिला. आता त्याचं पाणी रामहरीकडे गेलं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात रामहरीनं दोन थर दिले. मग मधोमध, बरोबर भिंतीच्या रेषेवर, शेतात घालतात तसा मातीचा बांध उभा राहिला. तो कुणी घातला यावर दोघांचं एकमत नव्हतं, पण तो दोघांनीही वाढवला. खरवडायचं नावच निघेना. जो खरवडेल तो खाली जाईल, आणि खाली कोण जाणार?

उजेडासाठी माळवदात एक चौकोनी भोक असतं, त्याला साणं म्हणतात. माती वाढेल तशी साण्याच्या कडेला विटांची एकेक रांग वाढत गेली. आता खोलीत उभं राहून वर पाहिलं की विहिरीच्या तळाशी उभं असल्यासारखं वाटे.

पंकजा त्याच दिवशी शिडीनं वर गेली आणि तिनं साण्याशी मातीची जाडी मोजली. माती तिच्या गुडघ्याच्या वर होती. मधल्या बांधापाशी ती कमरेला लागली. तिनं मनातल्या मनात हिशेब केला आणि मग पुन्हा केला, कारण पहिल्यांदा जो आकडा आला तो चुकला असेल असं तिला वाटलं. तो चुकला नव्हता.

ती खाली आली. आप्पाराव ओसरीवर चहा पीत बसला होता.

"आबा, तुमच्या डोक्यावर उसाचे तीन-चार ट्रक उभे आहेत," ती म्हणाली. "भरलेले."

"ट्रक कुठला? माती हाय ती."

"मातीला वजन नसतं का? जमीन हलते तेव्हा खालून भिंती ओढल्या जातात आणि वरचं वजन जागेवरच राहायला बघतं. जेवढं वजन जास्त, तेवढी ओढ जास्त. दगडमातीच्या भिंतीला ती ओढ झेपत नाही. किल्लारीला काय झालं? लोक आपल्याच भिंतींखाली आणि आपल्याच छतांखाली गाडले गेले."

"चारठाण्याची जुनी देवळं काय इंजिनेराला इचारून बांधली व्हती? उभी हायेत की अजून."

"त्या देवळांवर कुणी दरवर्षी टोपल्यानं माती नेऊन टाकत नाही."

आप्पारावनं कप खाली ठेवला. "मग रामहरीला सांग. त्याची बाजू आदी उतरव. मग मी इचार करतो."

परभणीत घरमालक तिच्याशी वाद घालत. खाली दुकानाचा गाळा मोकळा हवा म्हणून मधला खांब काढा म्हणत, खांबातल्या लोखंडी रिंगा लांब लांब बांधा म्हणत. ती नाही म्हणे, आणि बहुतेक वेळा तिचंच चाले, कारण नकाशावर तिची सही लागे. या घराला कुणाची सही लागत नव्हती. तिनं आईकडे पाहिलं.

"माय, तू परभणीला चल."

"तुझ्या तिसऱ्या मजल्यावर? लिफ्ट हाय का तिथं?"

"नाही."

"मग चढवायला चौघं लागतील. आन् जमीन हलली की उतरवायलाबी चौघंच. तवर मी काय करू, आरती म्हनू?"

"निदान बाज इथून हलवू. त्या कोपऱ्यात घेऊ. तू बरोबर बांधाखाली आहेस. आणि ही मधली भिंत बघ. वर तुळईला टेकलेलीसुद्धा नाही, हात जातो मधून. दोन्हीकडून कशाला बांधलेली नाही. पहिली पडेल ती हीच, आणि पडेल ती तुझ्यावर."

"न्हाई," कडूबाई म्हणाली. "बाज हितंच ऱ्हाऊ दे."

का ते तिनं सांगितलं नाही. ते दुपारी समजलं. आप्पाराव पारावर गेला आणि थोड्या वेळानं भिंतीच्या पलीकडून आवाज आला.

"आक्का, जेवलीस का?"

ती रामहरीची बायको पंचफुला होती. भिंत आणि तुळई यांच्यामधल्या फटीतून आवाज स्वच्छ येत होता.

"जेवले. तू?"

"मी कवाच. आज भाजी लय खारट झाली. ह्यांनी गपगुमान खाल्ली. भूकंपाला भ्यालेत अजून."

दोघी हसल्या. पंकजा भाकरी खात होती, तिचा घास तसाच राहिला. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून जावांनी एकमेकींच्या घरी जायचं नाही, असा या घराचा कायदा होता. तो तिला लहानपणापासून माहीत होता. पण भिंतीला लागून बाज का, हे तिला आज कळत होतं. आईला चालता येत नव्हतं. गल्लीतल्या बाया पहिले काही दिवस आल्या, मग येईनाशा झाल्या. दिवसभरात तिच्याशी बोलणारं माणूस या भिंतीच्या मागे होतं, आणि त्या बोलण्यासाठी ती सगळ्या घरातल्या सगळ्यात धोक्याच्या जागी पडून होती.

"सकाळी हललं तेव्हा तुम्ही कुठं होता काकी?" पंकजानं विचारलं.

"पंकजा आली का? हितंच व्हते. आक्का आत हाय हे ठावं व्हतं ना. हाका मारत व्हते."

"बाहेर नाही गेलात?"

"ती आत असताना?"

राग आला की पंकजाची भाषा गावाची होई. ती तशीच उठली आणि गल्लीतून वळसा घालून चुलत्याच्या दारात गेली. रामहरी कुलूप दुरुस्त करत बसला होता.

"काका, तुमची बायको सकाळी घरात व्हती. ठावं हाय का?"

"ये, बस."

"बसायला न्हाई आले. वरची माती काढायची हाय. दोन्ही बाजूंची, एकाच दिवशी. मजूर मी आणते. वितभर माती ठेवू, खाली प्लास्टिकचा जाड कागद टाकू, गळणार न्हाई. खांब आन् तुळई भेटतात तिथं तिरकी लाकडं ठोकू, म्हंजे खांब कलंडनार न्हाईत. कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या मारू. माझी जिम्मेदारी."

रामहरीनं कुलपात तेल सोडलं. "तुझ्या बापाला सांग. त्यानं आदी उतरवावं. थोरला हाय ना."

"ते म्हनतेत तुमी आदी."

"म्हनणारच. सकाळी त्यानं गल्लीत उभं ऱ्हाऊन काय सांगितलं ठावं हाय का? रामहरी बसला म्हने. मी अजून बसलो न्हाई. सांग त्याला."

ती परत फिरली. घराकडे येताना तिला वाटलं, किती वर्षं आपण अनोळखी माणसांच्या इमारती वाचवण्याची आकडेमोड करत बसलो आहोत. भूकंप कुणाचं नातं बघत नाही, एवढं सोपं गणित आपल्याच घरात कुणाला सांगता येत नाही. आपणच नीट सांगत नसू, असंही तिला क्षणभर वाटलं. मग वर माळवदाकडे नजर गेली आणि तो विचार गेला. सांगण्यात काही कमी नव्हतं. दोघांनाही सगळं समजलेलं होतं.

एप्रिलमध्ये ती दर रविवारी आली. गवंडी नागसेन याला तिनं तयार केलं, पण तो शिडीच्या खालीच थांबला.

"ताई, भिंत सांगा, कोबा सांगा. त्या बांधाला हात लावायचं सांगू नका. मागं त्या साण्याची वीट बसवायला वर गेलो तर दोघं दोन्हीकडून धावले. एक म्हने माझ्याकडं सरकवली, दुसरा म्हने माझ्याकडं."

"माणूस मरंल खाली."

"मला पटतंय. त्यांना पटवा."

ती बापाशी बोलली, भांडली, एकदा रडली. आप्पाराव प्रत्येक वेळी ऐकून घेई आणि शेवटी तेच म्हणे. मे उजाडला. एके रविवारी ती आली तर ओसरीपुढे पांढऱ्या मातीचा ताजा ढीग पडलेला होता. पलीकडे रामहरीच्या दारातही तेवढाच. यंदाचा थर.

तिनं ढिगाकडे पाहिलं. मग आत जाऊन आईला विचारलं, "सोयऱ्यांचं लगीन कवा हाय? सेलूचं."

"येत्या रविवारी. दोघंबी जाणार. एकाच मांडवात, दोन येगळ्या जीपनं."

त्या रविवारी दोन्ही जीप गेल्यावर नागसेन आला. पंकजानं परभणीहून लोखंडी टेकू आणले होते, स्लॅबच्या कामाला वापरतात तसले. तिनं ते तुळयांखाली भिंतीच्या या बाजूला लावले, आणि पंचफुलेच्या दारातून जाऊन त्या बाजूलाही लावले. भिंतीच्या वरच्या फटीत हात घालून ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. हात कुठेच अडला नाही. भिंतीवर छताचं काहीही ओझं नव्हतं.

"माय, ही भिंत कशालाच धरून न्हाई," ती म्हणाली. "कशाचं वजन घेत न्हाई. नुसती पडायची वाट बघायलीय. काढू का?"

कडूबाईनं भिंतीकडे पाहिलं. "फुले, ऐकायलीस का?"

"ऐकायले," पलीकडून आवाज आला.

"काढू का इचारायलीय."

"तिला म्हनावं वरून काढ. खालून काढली तर माझे हंडे-कळशा मोडतील."

नागसेन हसला आणि लाकडी घोडीवर चढला. चिखल इतका वाळला होता की विटा हातानं सुटत होत्या. एक रांग गेली, मग दुसरी. पंचफुलेचं कपाळ दिसलं, मग डोळे, मग सगळा चेहरा. ती पलीकडून विटा घेत होती आणि आपल्याच दारात रचत होती. दोघी जावा इतकी वर्षं एकमेकींना गल्लीत, लग्नात, मयतीला पाहत होत्याच. तरी पंचफुला विटा घ्यायची थांबली.

"आक्का, लय वाळलीस गं."

"तू काय फुगलीस व्हय. घे वीट."

दुपार कलली तेव्हा भिंत गुडघ्याइतकी उरली होती. तीही गेली. जमिनीवर विटांची एक फिकट रेघ राहिली. पंचफुलेनं आपली बाज ओढत आणली आणि कडूबाईच्या बाजेला लावली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. मग ती बाजेवर बसली, दोन्ही पाय वर घेतले आणि वर पाहिलं. तुळई मधे वाकलेली होती, वाळलेल्या काकडीसारखी.

"एवढी वाकली व्हती?" ती हळूच म्हणाली. "भिंतीमुळं कधी दिसलीच न्हाई."

आधी रामहरीची जीप आली. तो दारात आला, आत त्याला भावाचं घर दिसलं आणि तो तिथंच थांबला. मग समोरच्या दारातून आप्पाराव आला. दोघे भाऊ एकाच खोलीच्या दोन टोकांना उभे राहिले. लग्नातले फेटे अजून डोक्यावर होते.

"कुणी केलं हे?" आप्पारावनं विचारलं.

"मी," पंकजा म्हणाली.

"कुणाला इचारून?"

"जे खाली झोपतेत त्यांना इचारून."

"उद्या पंचायतीत जातो," रामहरी म्हणाला. तो भावाकडे न बघता बोलत होता. "वाटणी झालेली हाय. कागद हायेत."

"जा काका. जाताना हे वरचं बघून जा." तिचा आवाज चढला नव्हता, पण खोलीतल्या कुणालाही तो ऐकवेना असा झाला होता. "ती तुळई वाकली हाय ती भूकंपानं न्हाई. तुमी दोघांनी वाकवली. टोपल्या-टोपल्यानं वाकवली. मी परभणीत लोकांना सांगते, वजन कमी ठेवा, खांबाला खांब जोडा, भिंतीला भिंत बांधा, घर एकजीव असलं की धक्का सगळ्यांत वाटला जातो. लोक पैसे देऊन ऐकतात. आन् माझ्या घरात दोन म्हातारे शिडी लावून दरसाल आपल्या बायकांवर माती टाकतेत. जित्या बायकांवर. मेल्यावर टाकतेत ती, ती आदीच टाकून ठेवली."

"तोंड सांभाळ," आप्पाराव म्हणाला.

"न्हाई सांभाळत. आता सांगा आबा. रामहरीनं आदी काढायची ना? काका, आबांनी आदी ना? बांध हितं हाय, बरोबर वर. खाली दोन बाजा हायेत. उद्या हललं तर माती कुणाच्या बायकोवर आदी पडंल, तेवढं दोघांनी ठरवून मला सांगा. मी नकाशावर लिहून ठेवते."

रामहरी पंचफुलेकडे पाहत होता. ती बाजेवरून उठेल अशी त्याची अपेक्षा असावी. ती उठली नाही.

"चल घरी," तो म्हणाला.

"घरीच हाय की," पंचफुला म्हणाली. "बांध हाय तवर हितंच निजणार. आक्का आन् मी."

मग कडूबाई आप्पारावला म्हणाली, "भरली घागर डोक्यावर घेऊन ठेच लागली की मान मोडती. रिकामी असली तर नुसती घागर पडती. पोरीनं दोन महिने हेच सांगितलं. मला बाजेवर पडून समजलं, तुमाला उभं ऱ्हाऊन समजंना?"

दुसऱ्या दिवशी उन्हं येण्याआधी माळवदावर कुदळीचा आवाज सुरू झाला. पंकजा बाहेर आली. रामहरी वर होता आणि बांधाची आपली बाजू खणत होता. आप्पाराव शिडीपाशी उभा राहून ऐकत होता. थोड्या वेळानं त्यानं धोतर खोचलं आणि फावडं घेऊन चढला.

ते समेटासाठी चढले नव्हते. दिवसभर दोघं पाठीला पाठ लावून खणत राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. दुपारी रामहरीनं पारदर्शक नळीत पाणी भरून आणलं आणि नागसेनच्या हातात एक टोक दिलं. पातळी बघायची होती. कोण बोटभर वर राहिला का ते. आप्पारावनं दुसरं टोक हिसकावून घेतलं आणि स्वतः धरलं. पाणी दोन्हीकडे सारखं आलं. तरी त्यानं नळी झटकून पुन्हा पाहिली. पंकजाला त्या दोघांना माळवदावरून खाली ढकलावंसं वाटलं. आणखी मजूर लावून काम आठवडाभर चाललं. जुन्या मातीबरोबर दारातले नवे ढीगही ट्रॅक्टरनं गावाबाहेर गेले. प्लास्टिकचा कागद आला, वर वितभर माती चोपून बसली. खांबांना तिरकी लाकडं लागली, कोपऱ्यांना पट्ट्या लागल्या. तुळईखाली एक नवा खांब उभा राहिला, जिथं भिंत होती बरोबर तिथं.

"आता घर पडणार न्हाई ना?" पंचफुलेनं विचारलं.

"तसं सांगता येत न्हाई काकी. मोठा धक्का बसला तर भिंती फाटतील. पण छत एकदम खाली येणार न्हाई. माणसाला बाहेर काढायला वेळ मिळंल. आमचं काम तेवढंच असतं, वेळ मिळवून द्यायचं."

"तेवढं लय झालं," कडूबाई म्हणाली.

उतार पुढं काढला होता आणि पन्हाळ गल्लीकडं बसवला होता. आप्पाराव तो खालून बराच वेळ बघत राहिला.

"म्हंजे आता पाणी त्याच्याकडं जाणार न्हाई?"

"न्हाई. त्याचंबी तुमच्याकडं येणार न्हाई. दोघांचं गल्लीत."

"कुणाकडंच न्हाई," आप्पाराव म्हणाला. त्याच्या आवाजात समाधान नव्हतं. काही तरी हरवल्यासारखा तो आत निघून गेला, आणि पंकजाचा इतक्या दिवसांत थोडा उतरलेला राग पुन्हा जसाच्या तसा वर आला. तिनं तो कुणाला दाखवला नाही. ती परभणीला गेली.

मृग जवळ आला तशी गल्लीत ठिकठिकाणी माळवदं चोपायची सुरुवात झाली. एके सकाळी आप्पाराव मागच्या अंगणात शिडी शोधत होता. ती जागेवर नव्हती. गोठ्यात नव्हती. तो शेजारच्या अंगणात डोकावला, तर रामहरीही काही तरी शोधत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघेही घरात आले, आपापल्या दारानं.

बाजा जोडूनच होत्या. दोघी जावा तांदूळ निवडत होत्या. दोन्ही घरांच्या शिड्या बाजांच्या खाली आडव्या होत्या, त्यांची टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर आली होती.

"शिडी द्या," आप्पाराव म्हणाला. "एकच थर टाकतो. पातळ."

"मीबी पातळच," रामहरी म्हणाला.

कडूबाईनं तांदळातला खडा उचलला आणि बाजूला टाकला.

"खाली हाय," ती म्हणाली. "मला उचला, बाजूला ठेवा, आन् घेऊन जा."

दोघं उभे राहिले. तिला उचलायला निदान दोघं लागत. ते दोघं होते, पण एकमेकांना हात द्यायला कुणी पुढं झालं नाही.